'के/सी/ओ एचटीएन' म्हणजे काय? केसपेपर वाचायला शिकूया

'के/सी/ओ एचटीएन सिन्स टेन इयर्स.' भरतीच्या पहिल्या पानावरची ही एक ओळ. अर्थ साधा आहे: रुग्णाला दहा वर्षांपासून रक्तदाबाचा आजार असल्याचं माहीत आहे. पण मेडिक्लेम घेऊन चारच वर्षं झाली असतील आणि पॉलिसीच्या अर्जात 'कोणताही आजार नाही' असं लिहिलेलं असेल, तर याच ओळीवर बोट ठेवून विमा कंपनी लाखांचा क्लेम नाकारू शकते. घरचे हवालदिल होतात, कारण रक्तदाबाची गोळी खरं तर दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली असते.

मग ही दहा वर्षं आली कुठून? बहुतेक वेळा घरच्यांच्याच तोंडून. रात्रीची वेळ, कॅज्युअल्टीत गर्दी, रुग्ण धाप लागून बोलू शकत नाही. रेसिडेंट डॉक्टर सोबतच्या भावाला विचारतात, "बीपी, शुगर काही आहे का?" भाऊ म्हणतो, "बीपी आहे ना." "किती वर्षं?" "झाली असतील आठ-दहा." डॉक्टर 'टेन इयर्स' लिहितात आणि पुढच्या तपासणीकडे वळतात. खोटं कोणीच बोललेलं नसतं. घाईत दिलेला अंदाज कागदावर गेला, की मात्र तो पुरावा होतो.

मी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. फाइली लावणं, तपासणं, त्यांच्या प्रती देणं हे आमचं रोजचं काम. काउंटरवर येणारे लोक फाइल उघडतात आणि 'हे काही आपल्याला कळायचं नाही' म्हणून मिटून टाकतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. कारण यातलं बरंचसं कळण्यासारखं आहे. मोजके संक्षेप ओळखीचे झाले आणि एक प्रश्न विचारायची सवय लागली, की पान उलगडायला लागतं. तो प्रश्न असा: ही ओळ कोणाची? रुग्णाने सांगितलेली, डॉक्टरांनी तपासून पाहिलेली, डॉक्टरांना वाटलेली, की करायला सांगितलेली?

हे चार भाग मनाने पाडलेले नाहीत. अमेरिकेतले डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६०च्या दशकात रुग्णाच्या नोंदी कशा लिहाव्यात याची एक शिस्त घालून दिली. त्यातूनच 'सोप नोट' आली: आधी रुग्णाचं म्हणणं, मग तपासणीत दिसलेलं, मग डॉक्टरांचं अनुमान आणि शेवटी पुढचा बेत. आपल्याकडच्या केसपेपरवर 'सोप' असं नाव लिहिलेलं नसलं तरी क्रम साधारण हाच असतो.

एक पान, ओळीने

कागदावर हे सगळं इंग्रजी अक्षरांत असतं. इथे देवनागरीत उतरवते. समजा, पावसाळ्यात तापाचा एक रुग्ण भरती झाला. त्याचं पान साधारण असं दिसेल:

'४६/एम. सी/ओ फीवर × ४ डी, व्हॉमिटिंग × २ डी. के/सी/ओ डीएम, ऑन ओएचए. एनकेडीए. ओ/ई: कॉन्शस, ओरिएंटेड. टेम्प १०१, पल्स १०४, बीपी १००/७०, एसपीओटू ९७% ऑन आरए. आरएस: एईबीई. सीव्हीएस: एस१ एस२ हर्ड. पी/ए: सॉफ्ट. इम्प्रेशन: ? डेंग्यू, आर/ओ मलेरिया. ॲडव्हाइस: सीबीसी, एनएस१, एमपी. टॅब पीसीएम ५०० टीडीएस. आयव्ही फ्लुइड्स. स्ट्रिक्ट आय/ओ.'

सुरुवातीला वय आणि लिंग. 'सी/ओ' म्हणजे तक्रार: चार दिवस ताप, दोन दिवस उलट्या. 'के/सी/ओ' म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. 'डीएम' म्हणजे मधुमेह, आणि 'ओएचए' म्हणजे साखर कमी करणाऱ्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, म्हणजे रुग्ण इन्सुलिनवर नाही. कुठे 'एच/ओ' दिसलं तर 'पूर्वी असं घडलं होतं': 'एच/ओ फॉल' म्हणजे पडल्याचं सांगतात, 'एच/ओ ॲपेंडिसेक्टॉमी' म्हणजे ॲपेंडिक्स काढलेलं आहे. शस्त्रक्रिया होऊन गेलेल्यांच्या पानावर 'एस/पी' असंही लिहितात. 'एस/पी सीएबीजी' म्हणजे बायपास झालेली आहे. इथपर्यंतचा मजकूर हा सांगितलेला मजकूर आहे. डॉक्टरांनी तो फक्त लिहून घेतला. काही रुग्णालयांच्या छापील फॉर्मवर 'माहिती देणारा' असा रकाना असतो. तो रिकामा सोडू देऊ नका. माहिती बायकोने दिली, शेजाऱ्याने दिली की खुद्द रुग्णाने, याने पुढे फार फरक पडतो.

'एनकेडीए' ही चार अक्षरं छोटी दिसतात, पण पूर्ण पानावर त्यांच्याइतकं जपण्यासारखं फार थोडं असतं. कोणत्याही औषधाची ॲलर्जी असल्याचं माहीत नाही, असा त्याचा अर्थ. तुम्हाला पेनिसिलिनने किंवा सल्फाच्या गोळीने कधी अंगावर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल आणि पानावर 'एनकेडीए' असेल, तर तिथल्या तिथे सिस्टरना सांगा. औषधाचं नाव आठवत नसलं तरी काय झालं होतं ते सांगा. बऱ्याच ठिकाणी ॲलर्जी लाल शाईने फाइलच्या मुखपृष्ठावर लिहितात. तशी ती लिहिली गेली का, तेही बघून घ्या.

'ओ/ई'पासून आवाज बदलतो. इथून पुढे डॉक्टरांनी स्वतः तपासून जे पाहिलं ते. रुग्ण शुद्धीवर आहे, त्याला स्थळकाळाचं भान आहे. ताप १०१ फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला १०४. 'आरए' म्हणजे रूम एअर, बाहेरून ऑक्सिजन न लावता रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के आहे. हा 'आरए' फार महत्त्वाचा. ९७ टक्के नुसत्या हवेवर असणं आणि ९७ टक्के दहा लिटर ऑक्सिजन लावून असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'एईबीई' म्हणजे दोन्ही फुप्फुसांत हवा सारखी जाते आहे, 'एस१ एस२' हे हृदयाचे दोन नेहमीचे ठोके, आणि 'पी/ए सॉफ्ट' म्हणजे पोट दाबून पाहिलं तर मऊ लागलं, कडक नाही. दुसरीकडे 'एनएडी' किंवा 'डब्ल्यूएनएल' दिसेल. पहिल्याचा अर्थ काही वावगं आढळलं नाही, दुसऱ्याचा अर्थ सगळं सामान्य मर्यादेत.

अपघाताच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाच्या पानावर 'जीसीएस' असतो. ही शुद्धी मोजायची ग्लासगो पट्टी. ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी ती १९७४ साली मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ अशा जास्तीत जास्त गुणांची बेरीज १५ होते. आणि कमीत कमी ३, शून्य कधीच नाही. त्यामुळे 'जीसीएस ३' वाचून 'तीन तरी आहे ना' असा दिलासा घेऊ नये. ट्यूब घातलेल्या रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून बोलण्याच्या गुणाऐवजी 'टी' लिहितात.

प्रश्नचिन्ह वाचायला विसरू नका

आता तिसरा भाग, डॉक्टरांचं अनुमान. '? डेंग्यू' यातलं प्रश्नचिन्ह हा त्या शब्दाचाच भाग आहे: डेंग्यूची शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. 'आर/ओ मलेरिया' याचा अर्थ मलेरिया नाही ना, हे तपासून बाजूला काढायचं आहे. लोक ही ओळ वाचतात आणि गावाकडे फोन जातो, 'डेंग्यू आणि मलेरिया दोन्ही निघाले.' तसं काहीच निघालेलं नसतं. 'एनएस१' आणि 'एमपी' या त्यासाठीच्याच तपासण्या आहेत, एक डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी आणि दुसरी रक्तात मलेरियाचे परजीवी पाहणारी. 'सीबीसी' म्हणजे रक्तपेशींची मोजणी, 'पीसीएम' म्हणजे तापावरची पॅरासिटामॉल, आणि 'आयव्ही फ्लुइड्स' म्हणजे शिरेतून दिलेलं सलाइन.

भरतीच्या दिवशीचं निदान 'प्रोव्हिजनल', म्हणजे तात्पुरतं असतं. सोबत दोन-तीन शक्यता लिहिल्या तर ते 'डिफरन्शियल'. रिपोर्ट येतील, दिवस जातील तसं ते पक्कं होतं आणि डिस्चार्जच्या कागदावर 'फायनल डायग्नोसिस' येतं. निदान मध्येच बदललं म्हणून डॉक्टर चुकले असं समजू नये. आजार हळूहळू उलगडतो आणि चांगली फाइल तो प्रवास लपवत नाही. खटकायला हवं ते वेगळं. प्रश्नचिन्ह असलेली शंका कुठल्याही तपासणीविना, नुसती नक्कल होता होता, शेवटच्या कागदावर प्रश्नचिन्हाशिवाय उमटते तेव्हा. आमच्या विभागात आम्ही हे मुद्दाम पाहतो, कारण टायपिंगमध्ये प्रश्नचिन्ह गळणं फार सोपं आहे आणि क्लेमच्या वेळी ते निस्तरणं फार कठीण.

फायनल डायग्नोसिसवरून आमच्याकडे 'आयसीडी कोड' दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या आजारांना दिलेले हे संकेतांक. सर्वाधिक वापरातल्या दहाव्या आवृत्तीत 'आय१०' म्हणजे उच्च रक्तदाब, 'ई११' म्हणजे टाइप २ मधुमेह, 'के३५' म्हणजे ॲपेंडिक्सची तीव्र सूज. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे, पण सगळीकडे रुळायला वेळ लागतो आहे. डॉक्टर 'हाय बीपी' लिहोत, 'एचटीएन' लिहोत की 'हायपरटेन्शन', कोड एकच पडतो. त्यामुळे कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले हे मोजता येतं. तुमच्या बिलावर किंवा क्लेमच्या फॉर्मवर असा कोड दिसला तर तो निदानाशी जुळतो का, एवढं कोणालाही मोबाइलवर शोधून पाहता येतं.

बाळंतपणाच्या पानावरचा एक संकेत इथेच सांगायला हवा. 'जी३ पी१ एल१ ए१' याचा अर्थ ही तिसरी गरोदरपणाची वेळ, आधी एक बाळंतपण झालं, एक मूल हयात आहे आणि एकदा 'ए', म्हणजे अबॉर्शन. इथे गैरसमज होतो आणि घरात मनं दुखावतात. वैद्यकीय नोंदीत आपोआप झालेला गर्भपातही 'ए'खालीच मोजतात. ते अक्षर पाहून सुनेला कोणी काही विचारावं किंवा बोलावं, असं त्यात काहीही नाही. त्याच फाइलमध्ये बाळासाठी 'अपगार ८/१०, ९/१०' असं दिसेल. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत सुचवली: जन्मानंतर एका मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, नाडी, प्रतिक्रिया, स्नायूंचा ताठपणा आणि श्वास पाहून गुण द्यायचे. पहिल्या मिनिटाला बाळाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात, कारण जन्मलेल्या बाळाचे हातपाय काही वेळ निळसर असतातच. आठ गुण पाहून काळजी करू नये.

औषधांच्या खुणा

'ओडी' दिवसातून एकदा, 'बीडी' दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'क्यूआयडी' चारदा. 'एचएस' झोपताना, 'एसी' जेवणाआधी, 'पीसी' जेवणानंतर. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच, आणि 'स्टॅट' म्हणजे आत्ता लगेच. सगळे लॅटिनमधून आलेले. औषधाच्या चिठ्ठीवर १-०-१ लिहायची आपल्याकडची पद्धत मला त्याहून कितीतरी बरी वाटते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे शाळा न शिकलेल्या आजीलाही कळतं.

या खुणांमध्ये धोकेही आहेत. डोळ्यांच्या दवाखान्यात 'ओडी' म्हणजे उजवा डोळा आणि 'ओएस' म्हणजे डावा. डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर 'ओडी' असेल तर दिवसातून एकदा की उजव्या डोळ्यात, हे विचारूनच घ्यावं. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षर काढलं, तर घाईच्या अक्षरात ते शून्यासारखं दिसतं आणि १०चे १०० होऊ शकतात. म्हणून 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा असं सगळीकडे शिकवतात. तसंच ५.० न लिहिता ५ लिहायचं, कारण टिंब पुसट झालं तर ५०. औषधांची नावं जेनेरिक, वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने घातलं आहे. चिठ्ठी वाचता येत नसेल तर 'डॉक्टर, जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या' म्हणण्यात संकोच वाटू देऊ नका.

वॉर्डातल्या पानांवर आणखी काही भेटतील. 'एनबीएम' म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. शस्त्रक्रियेआधी नातेवाईक मायेपोटी चहाचे दोन घोट पाजतात आणि भूल देणं पुढे ढकलावं लागतं. पोटात काही असेल तर भुलेखाली ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. 'आय/ओ' म्हणजे शरीरात किती पाणी गेलं आणि लघवीवाटे किती बाहेर आलं याचा हिशेब. तापाच्या रुग्णाच्या पानावर 'स्ट्रिक्ट आय/ओ' होतं ते यासाठी, आणि सिस्टर लघवी मोजायला भांडं देतात तेही यासाठीच. 'सीएसटी' म्हणजे तेच उपचार चालू ठेवा.

सही करण्याआधी

संमतीपत्रावर लोक न वाचता सही करतात, हे मी नेहमी पाहते. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' याचा अर्थ समजून दिलेली संमती: काय करणार, कशासाठी, त्यातले धोके, दुसरे पर्याय कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात हे फार स्पष्ट केलं. एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईंनी दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेलं नसताना शुद्धीवर आल्यावर स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने आईची संमती चालत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून संमतीपत्रावर शस्त्रक्रियेचं नाव, बाजू (डावी की उजवी), तारीख आणि वेळ लिहिलेली आहे ना, ते पाहा. मोकळ्या जागा असलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मराठी फॉर्म मागा. बहुतेक रुग्णालयांत तो असतो.

घरी जाताना

डिस्चार्ज समरी, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, हे तुमच्याकडे राहणारं मुख्य पान. त्यावर भरतीची आणि सुटीची तारीख, फायनल डायग्नोसिस, काय काय केलं, सुटीच्या वेळची अवस्था, घरी घ्यायची औषधं आणि पुन्हा कधी यायचं, एवढं हवं. ते हातात आलं की काउंटर सोडण्याआधी बाकावर बसून वाचा. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी आणि पॉलिसीशी जुळतं का? माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, यातून किती फेऱ्या पडतात हे ज्यांनी घातल्या त्यांनाच माहीत. आणि मग 'पास्ट हिस्टरी'ची ओळ. किती वर्षांपासून काय आहे, ते बरोबर आहे का?

चूक असेल तर ती दुरुस्त होते, पण पद्धतशीरच होते. रुग्णाच्या नोंदीत खाडाखोड, व्हाइटनर चालत नाही. चुकीच्या मजकुरावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येईल, शेजारी बरोबर मजकूर, सही, तारीख आणि वेळ. पहिल्या गोळीची जुनी चिठ्ठी दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विनंती करा, ते खात्री करून खुलासा लिहून देऊ शकतात. हे डिस्चार्जच्या दिवशीच करणं सोपं असतं. क्लेम नाकारल्यावर दुरुस्त केलेल्या कागदाकडे विमा कंपनी संशयाने पाहते. विम्याचे नियम २०२४ मध्ये बदलले, तेही इथे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: आधीपासूनच्या आजाराचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा जास्तीत जास्त काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला, आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही.

सुटीचे प्रकार वेगवेगळे असतात. 'डामा' किंवा 'लामा' म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना रुग्ण स्वतःच्या जबाबदारीवर गेला. पैसे संपले म्हणून किंवा गावाजवळच्या रुग्णालयात न्यायचं म्हणून लोक यावर सही करतात. दुसरीकडे हलवायचं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून 'रेफर' किंवा 'ट्रान्सफर' लिहून घेता येतं का ते विचारा. पुढच्या डॉक्टरांना रेफरल चिठ्ठीतून उपचारांचा धागा मिळतो. डामा घेतला तरी तुमच्या कागदांवरचा हक्क जात नाही. 'एमएलसी', म्हणजे मेडिको-लीगल केस, लिहिलं की लोक घाबरतात. अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण अशा प्रकरणांत रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं, एवढंच त्यात आहे. कोणावर आरोप झाला असा त्याचा अर्थ नाही.

मृत्यूच्या कागदाबद्दल कोणी सहसा बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगते. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर 'फॉर्म ४' भरतात, घरी झाला असेल तर '४-ए'. त्यात कारणांची साखळी असते. पहिल्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण, खाली ते कशामुळे झालं, त्याखाली ते कशामुळे. उदाहरणार्थ 'अ' मेंदूत रक्तस्राव, 'ब' त्याला कारण असलेला उच्च रक्तदाब; आणि दुसऱ्या भागात, मृत्यूला हातभार लावणारा पण साखळीत नसलेला मधुमेह. प्रत्येकापुढे किती तास, दिवस की वर्षं, तेही. साखळीतली सर्वांत खालची ओळ मूळ कारण मानली जाते आणि देशाची मृत्यूंची आकडेवारी तिच्यावरून बनते. म्हणून नुसतं 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिणं चुकीचं आहे. हृदय आणि श्वास थांबणं ही मृत्यूची स्थिती झाली, कारण नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला वेगळा, त्यावर कारण नसतं. विम्यासाठी बरेचदा दोन्ही लागतात, आणि दुःखाच्या त्या दिवसांत ही धावपळ कोणाला एकट्याने करावी लागू नये.

प्रत कशी मागायची

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या आहेत, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं होतं की रुग्णाचेच कागद रुग्णाला देताना गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही. झेरॉक्सचा वाजवी खर्च रुग्णालय घेऊ शकतं. तीन वर्षांची मुदत लक्षात घेता, मोठं ऑपरेशन झालं असेल तर प्रत लवकर काढून ठेवलेली बरी.

अर्ज साध्या कागदावर चालतो. रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर, भरतीच्या तारखा, ओळखपत्र, आणि अर्ज मिळाल्याची तारखेसह पोच. ओपीडी नंबर, आयपीडी नंबर आणि यूएचआयडी यांत गोंधळ होतो, म्हणून सांगते: यूएचआयडी हा त्या रुग्णालयातला तुमचा कायमचा क्रमांक, आयपीडी नंबर दर भरतीला नवा. याशिवाय आता 'आभा' हा १४ आकडी क्रमांक आहे, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला. आभा काढलं म्हणजे तुमची फाइल कुठल्या तरी सरकारी संगणकात जाऊन पडत नाही. नोंदी जिथे तयार झाल्या तिथेच राहतात, आणि तुम्ही संमती दिलीत की दुसऱ्या डॉक्टरांना त्या पाहता येतात.

अर्जात काय मागायचं ते नेमकं लिहा. 'फाइलची प्रत' म्हटलं की अनेकदा फक्त डिस्चार्ज समरी हातात पडते. 'संपूर्ण इनडोअर केसपेपर' असं लिहा. त्यात रोजच्या प्रोग्रेस नोट, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, ऑपरेशनची आणि भुलेची नोंद, संमतीपत्रं हे सगळं येतं. एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी वेगळ्या मागाव्या लागतात. कॅन्सरच्या संशयाने बायोप्सी झाली असेल तर नुसत्या रिपोर्टवर थांबू नका. पॅथॉलॉजी विभागात काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक ठेवलेले असतात, आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी गेलात तर तिथे ते स्वतः पुन्हा तपासायला मागतात. ते घेताना स्लाइड आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवा, किती नग मिळाले ते पोचपावतीवर लिहून घ्या, आणि ब्लॉक उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.